पोटातील गाठ : लपवू नका, तपासून घ्या

“पोट सुटलंय, दुसरं काही नाही,” असे म्हणत कितीतरी भगिनी वर्ष काढतात. हाताला गाठ लागते, पण संकोचापोटी अम्मीलाही सांगत नाहीत. म्हणून आधी हे लक्षात घ्या, की पोटातली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. पण तपासल्याशिवाय ती कशाची आहे हे कळत नाही.

पाळी चुकली असेल तर प्रथम गर्भधारणेची तपासणी करावी. ३० ते ५० या वयात ओटीपोटात कडक गाठ लागली, तर ती बहुधा गर्भाशयातील फायब्रॉइडची असते. ही गाठ साधी असते, पण पाळीत रक्त फार जाते, अंगातले रक्त कमी होते, वारंवार लघवीला जावे लागते. नमाजसाठी आपण हैजचे दिवस मोजतोच. ते दिवस वाढू लागले, तर तो हिशोब डॉक्टरांनाही सांगा.

अंडाशयात पाण्याची गाठ होते. अशा बऱ्याच गाठी दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरतात. मात्र गाठीला पीळ पडला, तर एकाएकी असह्य कळा आणि उलट्या सुरू होतात. अशा वेळी ताबडतोब दवाखाना गाठावा. सिझेरियनच्या टाक्यांजवळ किंवा बेंबीपाशी खोकताना फुगणारी आणि आडवे झाल्यावर आत जाणारी गाठ हर्नियाची असू शकते. संध्याकाळी बारीक ताप आणि वजनात घट असेल, तर पोटाचा टीबीही असू शकतो.

पाळी कायमची थांबल्यावर पोट सतत फुगलेले राहणे, दोन घासांत पोट भरणे किंवा पुन्हा रक्त दिसणे, याकडे दुर्लक्ष नको. अंडाशयाचा कॅन्सर असाच गुपचूप वाढतो. वयात आलेल्या मुलीला पाळी येत नाही, पण दर महिन्याला पोट दुखते आणि गाठ लागते, तर तिलाही दाखवा. पाळीचा मार्ग बंद असल्याने रक्त आत साचलेले असू शकते.

गाठ चोळून घेऊ नका. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत बरेचसे कळते. तिला दुखत नाही. लेडी डॉक्टर मिळाल्या तर उत्तमच. न मिळाल्यास गरजेपुरती तपासणी पुरुष डॉक्टरांकडून करून घेण्याची शरीअतने मुभा दिली आहे.

अल्लाहने प्रत्येक आजारावर इलाज ठेवला आहे, ही प्रेषित (स.) यांची शिकवण. इलाज करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. शरीर ही अमानत आहे. तिची हिफाजत करा.