वाढीव ओझं

मुंबई हायवरचा जुना प्लॅटफॉर्म डेकवरून धडधाकटच दिसतो. रंग ताजा, कठडे भक्कम. आमचं काम त्याखालच्या सुमारे 75 मीटर पाण्यात. इथून तेल निघू लागलं 1976 साली. पंचवीसेक वर्षं टिकावेत म्हणून आखलेले कितीतरी सांगाडे अजून कामावर आहेत.

वय म्हटलं की लोकांना गंज आठवतो. मला आधी आठवतात मागाहून चिकटलेल्या गोष्टी.

पावसाळा सरून फेअर वेदर लागला की डायव्हर उतरतात. पोलादी नळ्यांवर शिंपल्यांचा खरबरीत थर असतो. त्यानं नळी जाड होते आणि लाटेचा मार वाढतो. म्हणून खरवडण्याआधी थर मोजायचा. घाईत नेमकं हेच राहतं. मग पाण्याच्या झोतानं सांधा उघडा करून डायव्हर तिथे चुंबक धरतो आणि लोहकण सोडतो. तडा असला तर त्यावर कण जमून केसासारखी रेघ उमटते. वर पडद्यासमोर बसून आम्ही सांगतो, "थांबा, तेवढंच परत दाखवा." पुष्कळदा तो वेल्डचा ओरखडा निघतो. हलकं घासून पुन्हा पाहायचं. एका सांध्यात सकाळ जाते.

हवाबंद म्हणून बसवलेल्या नळीत अल्ट्रासाउंडनं पाणी सापडलं, तर कुठेतरी आरपार चीर आहे असं धरून शोध सुरू होतो.

किरकोळ ब्रॅकेटपाशीही मी अडून बसतो, याचं सहकाऱ्यांना हसू येतं. 1980 मध्ये उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर किएलँड' हा प्लॅटफॉर्म उलटला, 123 माणसं गेली. तो तरंगता होता, आमचे तळाशी खिळलेले. पण तिथला तडा सुरू झाला तो हायड्रोफोन बसवायला जोडलेल्या आधाराच्या वेल्डपासून.

शेवटी संगणकावर लाटांचा जोर वाढवत सांगाडा मोडेपर्यंत ढकलायचा. मोडताना लागलेला जोर आराखड्यातल्या जोराच्या किती पट, हा आकडा अहवालात सगळे आधी शोधतात. माझा भर डेकच्या यादीवर. मूळ नकाशात नसलेले पंप, टाक्या, केबिनी चालत जाऊन टिपल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

तो आकडा कमी पडला तर सांधे आवळायला क्लॅम्प आहेत, महागडे. त्याआधी मी बंद विहिरींचे उभे पाइप आणि न लागणारा बोटीचा धक्का कापून काढायला सुचवतो. लाटेला अडवणारं तेवढं अंग कमी होतं.