कपातीचे सावट आणि दीघजाणूला केलेला उपदेश

नोकरकपात ही कारखान्यात किंवा कचेरीत एका दिवसात येत नाही. आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग रिकाम्या जागा भरणे थांबते, कंत्राटी माणसे कमी होतात आणि एके दिवशी ‘यादी तयार होत आहे’ असे कुणीतरी सांगतो. त्या दिवसापासून नोटीस हाती पडेपर्यंत किंवा संकट टळेपर्यंत कधी दोन महिने जातात, कधी दोन वर्षे. माणूस खचतो तो याच काळात. या काळात चित्त स्थिर ठेवून काम कसे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपल्या समाजासाठी हा प्रश्न केवळ पगाराचा नाही. ज्यांच्या मागे वडिलोपार्जित जमीन अथवा दुकान आहे, त्यांना परतायला जागा असते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात नोकरी हीच पहिली मिळकत आहे. तीसुद्धा सहज मिळालेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी जास्त मजुरीच्या विणाई खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यातून विटाळ होतो, असे मानले जाई. बाबासाहेबांनी हा अन्याय चव्हाट्यावर मांडला. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर हजारो संसार उघड्यावर आले. ३१ जानेवारी २०२० रोजी दूरसंचार क्षेत्रातील दोन सरकारी कंपन्यांतून ९२ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. तेव्हा हे संकट नवे नाही आणि ते कोणा एकाच्या नालायकीमुळेही येत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

तथागतांनी संसारी माणसाच्या या चिंतेचा विचार केलेला आहे. कोलिय जनपदातील कक्करपत्त या गावी दीघजाणू नावाचा गृहस्थ त्यांना भेटला. आम्ही मुलाबाळांत राहणारी माणसे, आमच्या हिताचे काही सांगा, अशी त्याने विनंती केली. तेव्हा भगवंतांनी या जीवनातील हितासाठी चार गोष्टी सांगितल्या : उट्ठानसंपदा, आरक्खसंपदा, कल्याणमित्तता आणि समजीविता. अंगुत्तर निकायात हा उपदेश आलेला आहे. कपातीच्या काळात या चार गोष्टी कशा उपयोगी पडतात ते क्रमाने पाहू.

१. उट्ठानसंपदा

उट्ठानसंपदा म्हणजे आपल्या कामात दक्ष आणि निष्णात असणे. ‘उद्या काढणारच आहेत, मग आज का राबावे?’ असा प्रश्न अशा वेळी मनात येतो. त्याला तीन उत्तरे आहेत. पहिले असे की, प्रेस मशीनवर, विजेच्या खांबावर किंवा रेल्वेच्या रुळावर काम करणाऱ्याचे मन यादीत गुंतले तर नोकरीच्या आधी हात-पाय जातील. दुसरे उत्तर कायद्याचे आहे. छाटणी झालेल्या कामगाराला भरपाई मिळते. परंतु गैरहजेरी, निष्काळजीपणा वा भांडण यांवरून रीतसर चौकशी होऊन बडतर्फी झाली तर छाटणीची भरपाई मिळत नाही. म्हणजे वेळेवर हजर राहणे आणि काम चोख करणे ही मालकाची खुशामत नसून स्वतःच्या हक्काची राखण आहे. तिसरे, हातातले कौशल्य कोणी काढून घेऊ शकत नाही. शेजारच्या मशीनचे काम, संगणकावरचा हिशेब, वाहनाचा परवाना यांपैकी जे शिकता येईल ते पगार चालू असतानाच शिकावे.

भगवंतांनी दुसऱ्या एका ठिकाणी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. अज्ञ माणसाला एक बाण लागतो आणि त्या दुःखावर शोक करून तो मनाला दुसरा बाण लावून घेतो. आपल्या बाबतीत तर पहिला बाण सुटण्यापूर्वीच आपण दुसरा लावून घेतो. यासाठी एक साधा नियम करावा. पाळी सुरू होताना आज पुरी करावयाची दोन-तीन कामे डायरीत लिहावीत आणि यादीची चर्चा जेवणाच्या सुट्टीपुरतीच ठेवावी. चिंतेचा विचार आला की तो आला हे ओळखावे व पुन्हा हातातल्या कामाकडे वळावे. सकाळची दहा मिनिटे आनापानसतीला दिली तर हे हळूहळू जमते.

२. आरक्खसंपदा

कष्टाने मिळवलेले सांभाळणे म्हणजे आरक्खसंपदा. नेमणूकपत्र, कायम केल्याचा आदेश, पगाराच्या चिठ्ठ्या व हजेरीचे पुरावे घरी एका फायलीत ठेवावेत. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यातील नाव, जन्मतारीख, नोकरीला लागल्याची तारीख आणि वारसाची नोंद तपासावी. त्या योजनेत दहा वर्षांची सेवा भरली असल्यास वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्तिवेतनाचा हक्क असतो; म्हणून घाईने सर्व पैसा काढू नये.

शब्दांतील फरक समजून घ्यावा. ले-ऑफ म्हणजे काम नसल्याने तात्पुरते घरी बसविणे. त्यात नोकरी संपत नाही. छाटणी म्हणजे नोकरी संपणे. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची छाटणी करताना एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा, अशी तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती कायम आहे. सर्वसाधारणपणे त्या वर्गातील शेवटी आलेल्याला प्रथम कमी करावे, हेही तत्त्व आहे.

उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी ही त्याहून वेगळी. समजा, मूळ पगार व महागाई भत्ता मिळून २०,८०० रुपये आहेत आणि सेवा १८ वर्षे झाली आहे. २६ ने भागून रोजचे ८०० रुपये, १५ दिवसांचे १२,००० आणि १८ वर्षांचे २,१६,००० रुपये होतात. हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करून ठेवावा. मुख्य म्हणजे कोणाच्या तोंडी दमदाटीवरून राजीनामा लिहून देऊ नये. राजीनामा दिला की छाटणीच्या भरपाईचा हक्क जातो. स्वेच्छानिवृत्तीचा अर्जही घरी नेऊन, वाचून, जाणकाराला दाखवून मगच सही करावी.

३. कल्याणमित्तता

अफवा सांगणारे पुष्कळ भेटतात. खरी माहिती आणणारा एखादाच असतो. त्याची संगत धरावी. युनियनच्या सभेला जावे. कामात दक्ष असणे आणि संघटित होणे यांत विरोध नाही. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध झालेल्या संपात बाबासाहेब स्वतः कामगारांबरोबर उभे होते.

पहिला कल्याणमित्र घरातच असतो. अनेक जण ही गोष्ट पत्नीपासून लपवितात आणि एकटेच कुढतात. घरी खरे सांगावे. खर्च कमी करण्याचा मार्ग बहुधा तिलाच आधी सुचतो.

४. समजीविता

मिळकत पाहून खर्च करणे म्हणजे समजीविता. भगवंतांनी येथे तळ्याचा दृष्टान्त दिला आहे. पाणी येण्याच्या वाटा बंद झाल्या, पाऊस थांबला आणि बाहेर जाण्याच्या वाटा मोकळ्या राहिल्या तर तळे आटते. या बाहेरच्या वाटांत त्यांनी दारू, जुगार आणि वाईट संगत यांची गणना केली आहे. स्वेच्छानिवृत्तीच्या पैशाचे नेमके हेच होते. लाखोंची रक्कम एकदम हाती येते आणि दामदुपटीच्या आमिषात, लग्नाच्या थाटात व बाटलीत वर्ष-दोन वर्षांत संपते. म्हणून सावट दिसताच नवे कर्ज घेऊ नये, कोणाला जामीन राहू नये आणि निदान सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बाजूला काढावी. मुलांचे शिक्षण मात्र काटकसरीत धरू नये. घराची पुढची मिळकत तेथूनच येणार आहे.

या चार गोष्टी पाळल्या म्हणजे नोकरी वाचेलच असे नाही. कपात होणे न होणे आपल्या हाती नसते. परंतु ती झालीच तर आपण धडधाकट शरीराने, पूर्ण हक्काचा पैसा घेऊन, चार माणसांच्या आधाराने आणि नव्या कामाच्या तयारीने बाहेर पडू, एवढे निश्चित आपल्या हाती आहे.

समाजबांधवांना एक विनंती आहे. आपल्यात वकील आहेत, बँकेत आणि भविष्य निर्वाह निधीच्या कामात आयुष्य घालविलेले निवृत्त अधिकारी आहेत. रविवारची वंदना झाल्यावर त्यांनी विहारात तासभर बसून अशा बांधवांचे कागद तपासून द्यावेत. हिशेब न समजल्यामुळे चुकीच्या कागदावर सही करणारा एक जरी माणूस थांबला, तरी एक घर वाचेल.

जयभीम.