बोलक्या बाहुल्यांची कॅसेट फोनमध्ये घेताना हशा कुठे जातो?

टिटवाळ्याच्या घरी माळा साफ करताना बाबांची एक कॅसेट सापडली. आमच्या गल्लीतल्या गणपतीत कधीतरी बोलक्या बाहुल्यांचा कार्यक्रम झाला होता, तो त्यांनी टेपरेकॉर्डरवर घेतलेला. व्हिडिओ नाही, फोटो नाही, फक्त आवाज. आणि त्यात पुढच्या रांगेत बसलेल्या आजीचं मोठ्याने हसणं. आजी आता नाही, आणि तिचा आवाज दुसऱ्या कशातच नाहीये.

मी काय केलं? टेपसमोर फोन ठेवला आणि व्हॉइस रेकॉर्डर चालू केला. (हो, इंजिनिअर असूनही!) कलाकाराचा आवाज छान आला, पण हशा? पाण्याखालून कोणीतरी हसतंय असा.

बऱ्याच फोनमध्ये माइकवर दोन गोष्टी गुपचूप चालू असतात. पहिली नॉइज सप्रेशन. समोरच्या एका माणसाचं बोलणं ठेवायचं आणि बाकी सगळं गोंगाट समजून कापायचं, एवढंच तिचं काम. लोकलमधून कॉल करताना हे वरदान आहे. पण पन्नास माणसं एकदम हसली की त्या सॉफ्टवेअरला तो पंख्याच्या घरघरीचाच भाऊ वाटतो. दुसरी म्हणजे ऑटोमॅटिक गेन. ही मोठा आवाज दाबते आणि शांतता आली की बारीक आवाज वर खेचते. म्हणजे हशा लहान झाला आणि कॅसेटची सरसर मोठी.

बाहुल्यांच्या कार्यक्रमात हे फार महागात पडतं, कारण चित्र नसताना बाहुली जिवंत वाटते ती आवाज, मधला थांबा आणि लोकांचा प्रतिसाद यांच्यावर. ‘द मपेट शो’ हा बाहुल्यांचा टीव्ही कार्यक्रम तुम्ही ऐकला असेल. 1977 मध्ये त्याचा अल्बम निघाला आणि ब्रिटनच्या अल्बम यादीत पहिल्या नंबरवर गेला. त्यात नुसती गाणी नाहीत, फॉझी अस्वलाची विनोदी बडबडसुद्धा आहे. नुसत्या आवाजावर लोकांनी तो घेतला! फॉझी आणि मिस पिगी, दोघांचा आवाज फ्रँक ओझ या एकाच माणसाचा, हे ऐकताना लक्षातही येत नाही.

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी. मपेटवाले कलाकार कॅमेऱ्याच्या चौकटीखाली लपलेले असतात, ओठ हवे तसे हलवू शकतात. आपला शब्दभ्रमकार बाहुली घेऊन समोरच बसतो. यशवंत पाध्ये यांनी रंगमंचावर आणलेला आणि रामदास पाध्ये यांनी घराघरात पोचवलेला अर्धवटराव आठवा. ओठ न हलवता प, ब, म म्हणून बघा, आत्ता, आरशासमोर. जमणार नाही, कारण ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय होतच नाहीत. मग कलाकार जिभेने त्यांच्या जवळचा आवाज काढतो. डोळ्यांना बाहुलीचं तोंड हलताना दिसतं म्हणून आपला मेंदू ते बरोबर ‘ऐकतो’. कॅसेटवर मात्र ही चलाखी पकडता येते. आमच्या कॅसेटमध्ये बाहुली ‘बाबा’ म्हणते ते नीट ऐकलं तर ‘दादा’च्या जवळचं आहे. हे बारकावे सुद्धा प्रोसेसिंगमध्ये पुसले जातात.

आता कामाचं. माइक वापरूच नका. टेपरेकॉर्डरच्या हेडफोन सॉकेटमधून वायर काढून लॅपटॉपच्या लाइन-इनला द्या. लाइन-इन नसेल तर यूएसबी साउंड कार्ड मिळतं, पण त्यावर लाइन-इन आहे ना बघून घ्या. स्वस्तातल्या बऱ्याच कार्डांना फक्त माइकचं भोक असतं आणि तिथे आवाज फाटतो. रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी पुरतं, फुकट आहे. 44,100 हर्ट्झ, 16 बिट, स्टीरिओ ठेवा. मिनिटाला साधारण 10 एमबी, म्हणजे तासाची कॅसेट 635 एमबीच्या आसपास. जागा नाही म्हणून लगेच एमपी3 करू नका. मूळ डब्ल्यूएव्ही फाइल तशीच ठेवा आणि साफसफाई कॉपीवर करा. नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

आणि आधी टेपचं हेड कापसाने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. माझ्या कापसावर तपकिरी काजळी निघाली.

दुसऱ्या वेळी सरसर होती तशीच राहिली, मी ती काढली नाही. बाबांनी हेडफोन लावला. बाहुलीने कोणाला तरी टोमणा मारला, क्षणभर सगळं शांत, आणि मग आजी. बाबांनी ते मागे घेऊन तीनदा ऐकलं.