पगारातून कापलेले दोनशे रुपये कुठे जातात?

मुंबई, पुणे, नागपूरच्या कार्यालयांत नोकरी करणाऱ्या आपल्या समाजबांधवांनी एकदा आपले पगारपत्रक नीट पाहावे. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापलेले दिसतील. प्राप्तिकराची चर्चा घरोघरी होते, या दोनशे रुपयांबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. हा कर १९७५ मध्ये बसवला गेला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. बँकेतल्या भावाच्या पगारातून गावाकडच्या भूमिहीन बहिणीच्या हाताला काम, असा तो सरळ व्यवहार होता.

१९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला आणि नालाबांध घालायला उतरली. त्याआधी १९६५ मध्ये वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील विसापूरला हमीच्या कामाचा प्रयोग सुरू केला होता. दुष्काळाने ती कल्पना राज्यभर नेली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत ते दिले नाही तर बेकारी भत्ता. (भत्ता किती, तर दिवसाला किमान एक रुपया! तोही मिळवताना मजुराची चप्पल झिजायची.) पैशासाठी नोकरदारांवर व्यवसाय कर, बागायती जमिनीवर विशेष आकार, शहरातील बिगरनिवासी इमारतींवर कर, आणि जमेल तितकीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. सधन भागाने कोरडवाहू भागाचे देणे द्यावे, हे कायद्यातच लिहिलेले होते.

विभागीय असमतोल मोजण्याच्या बाकीच्या रीती पाहिल्या की या योजनेचे मोल कळते. १९८४ मध्ये दांडेकर समितीने सुमारे ३१८६ कोटींचा अनुशेष काढला. त्यात मोठा वाटा सिंचनाचा. मराठवाडा-विदर्भाला पाणी मिळालेच पाहिजे, यात वाद नाही. पण कालव्याचे पाणी ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्याच रानात जाते. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही, त्याचा अनुशेष कोणत्या रकान्यात धरला? १९१८ च्या लहान शेतजमिनींवरील लेखात बाबासाहेबांनी सांगितले होते की, शेतीवर अडकून पडलेल्या जादा हातांना दुसरे काम मिळाल्याशिवाय शेतीचाही प्रश्न सुटणार नाही. आपल्या नियोजनकारांनी एकर मोजले, हात मोजले नाहीत.

रोजगार हमीने हात मोजले, म्हणूनच ती गावच्या पुढाऱ्यांना खुपली. जवळच्या कामावर सरकारी दराने मजुरी मिळते म्हटल्यावर दलित वस्तीतली बाई पाटलाच्या रानात पडेल त्या दराने कशाला जाईल? 'मजूर मिळत नाहीत' ही बागायतदारांची ओरड तिथून सुरू झाली. मजूर होतेच, फुकटचे मिळेनासे झाले.

फेब्रुवारी २००६ पासून केंद्राची योजना सुरू झाली. शंभर दिवसांपर्यंतच्या अकुशल मजुरीचा खर्च केंद्राने उचलला, त्यापुढचे दिवस राज्याच्या माथ्यावर राहिले. राज्याचा भार हलका झाला, कर मात्र चालूच राहिला. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. एवढ्यासाठीही काम वेळेवर निघत नाही आणि मजुरी महिनोन्‌महिने अडकते. मग बीडची जोडपी दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाच्या फडावर जातात. पोरांची शाळा तिथेच सुटते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १०० चे १२५ केले, याचा गाजावाजा झाला. पण महाराष्ट्रासारख्या राज्याने आता ४० टक्के खर्च स्वतः करायचा आहे. केंद्र ठरवून देईल त्या रकमेपलीकडचा सगळा बोजाही राज्याचाच. आणि पेरणी-कापणीच्या हंगामात मिळून साठ दिवस ही कामे बंद ठेवायची आहेत. म्हणजे मजुराला दर वाढवून मागता येतो नेमक्या त्याच दिवसांत त्याचा दुसरा आधार काढून घ्यायचा. बागायतदारांची चाळीस वर्षांची ओरड अखेर कायद्यात गेली!

आता सरकार म्हणेल, चाळीस टक्के आणायचे कुठून? उत्तर आपल्या पगारपत्रकात आहे. घटनेने १९८८ पासून या कराला माणशी वर्षाला २५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. ती तेवढीच राहिली, तरी भरणारे किती वाढले! आपल्या कर्मचारी संघटना पदोन्नतीच्या आरक्षणासाठी लढतात, ते योग्यच आहे. त्यांनी आता माहितीच्या अधिकारात आणखी एक अर्ज टाकावा: गेल्या दहा वर्षांत व्यवसाय कराचे किती कोटी जमले, आणि त्यांतले किती रोजगार हमीच्या कामावर खर्च झाले? जिल्हावार हिशेब मागावा. बीड आणि गडचिरोलीच्या रकान्यापासून वाचायला सुरुवात करावी.