ओव्हन २००० वॅटचा, मग केक कच्चा का राहतो?

परवाच्या व्हिडिओत हिशेब जरा पटापट झाला, म्हणून इथे तेच आकडे सावकाश मांडतो. कागद-पेन घेऊनच बसा.

आपल्या बॅचमधल्या एक ताई नागपुरात घरूनच केक आणि नानकटाई करून विकतात. ओव्हनवर लिहिलंय २३० व्होल्ट, २००० वॅट. हिवाळ्यात काम झकास चाललं. मे महिना आला आणि संध्याकाळचे केक मधून कच्चे राहायला लागले. एक वाढदिवसाची ऑर्डर परत आली. दुरुस्तीवाल्याने थर्मोस्टॅट बदलला, पैसे घेतले, फरक शून्य. नवा ओव्हन घ्यायचं ठरतच होतं. मी म्हटलं, ताई, थांबा, आधी मोजू.

शाळेत विभवांतर, विद्युतधारा आणि रोध शिकलो होतो ना, तेच हे व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स. ओहम नावाच्या जर्मन शिक्षकाने १८२७ मध्ये छापलेला नियम आजही तसाच लागू आहे. व्होल्टेजला करंटने भागा, रेझिस्टन्स मिळतो, ओहममध्ये. व्होल्टेजला करंटने गुणा, पॉवर मिळते, वॅटमध्ये. भागाकार एक, गुणाकार एक, बस्स.

आधी ओव्हनची पाटी घेऊ. २००० भागिले २३० म्हणजे ८.७ अँपिअर करंट. इथेच पहिली गोष्ट कळते की हा ओव्हन ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर लावायचाच नाही, त्याला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट लागतो. आता २३० भागिले ८.७, म्हणजे साधारण २६.४ ओहम. हा ओव्हनच्या कॉइलचा रेझिस्टन्स. तो फारसा बदलत नाही, हे लक्षात ठेवा.

मग एका संध्याकाळी ओळखीच्या वायरमनला बोलावलं. क्लॅम्प मीटर, ज्याला ही मंडळी टाँग टेस्टर म्हणतात, तो एकाच वायरभोवती लावायचा असतो. दोन्ही वायरी एकत्र पकडल्या तर शून्य दिसतं आणि लोक म्हणतात मीटर बिघडला. बाकी मीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका हेही खरंच. ३० मे २०२४ ला आपल्याच शहरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं आणि नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरचा दोष. म्हणून आम्ही प्रत्येक आकडा दोनदा घेतला.

भिंतीच्या सॉकेटवर २०० व्होल्ट. ओव्हनपाशी १९०. करंट ७.२ अँपिअर.

१९० भागिले ७.२, पुन्हा २६.४ ओहमच. म्हणजे कॉइल ठणठणीत, ओव्हन निर्दोष! पण पॉवर बघा: १९० गुणिले ७.२ म्हणजे १३६८ वॅट. २००० वॅटचा ओव्हन दोन तृतीयांश ताकदीवर चालत होता. व्होल्टेज सतराच टक्के कमी झालं होतं, तरी पॉवर बत्तीस टक्के पडली. कारण व्होल्टेज घटलं की करंटही घटतो आणि गुणाकारात दोन्हीकडून मार बसतो. संध्याकाळी मोहल्ल्यातले कूलर आणि एसी एकदम सुरू होतात, लाईनवर लोड येतो, आणि त्याची किंमत तुमचा केक मोजतो.

आता भिंत ते ओव्हन मधले १० व्होल्ट गेले कुठे? एक्स्टेन्शनच्या वायरमध्ये. बारीक, चांगली लांब, आणि उरलेली गुंडाळी करून ओट्याखाली ठेवलेली. १० भागिले ७.२ म्हणजे १.४ ओहम तिचा रेझिस्टन्स. १० गुणिले ७.२ म्हणजे ७२ वॅट. जुन्या साठच्या बल्बपेक्षा जास्त उष्णता त्या वायरमध्ये, तीही गुंडाळीत कोंडलेली. हात लावून पाहिला तर प्लास्टिक मऊ पडलं होतं. खरं सांगू, केकपेक्षा मला याचीच भीती वाटली. ओट्याखाली पुठ्ठ्याचे बॉक्स रचलेले होते.

एक्स्टेन्शन त्याच दिवशी काढलं. बोर्डापासून अडीच स्क्वेअरची तांब्याची वायर थेट टाकली, स्वतंत्र १६ अँपिअरची एमसीबी आणि अर्थिंगसह सॉकेट. वायरीने फक्त शंभरेक वॅट परत मिळाले, खोटं कशाला बोलू. खरा फरक वेळ बदलल्याने पडला. सकाळी बोर्डावर २२८ व्होल्ट मिळतात, ओव्हनपाशी २२५. २२५ भागिले २६.४ म्हणजे ८.५ अँपिअर, आणि पॉवर १९०० वॅटच्या वर. संध्याकाळच्या कमी व्होल्टेजची तक्रार १९१२ वर वेगळी नोंदवली.

हा हिशेब हीटर, इस्त्री, सीलिंग मशीन, ओव्हन यांना चालतो. चक्की, मिक्सर, कणीक मळायचं मशीन, म्हणजे मोटर असेल तिथे तो जसाच्या तसा लावू नका. मोटरमध्ये पॉवर फॅक्टर येतो. शिवाय व्होल्टेज पडलं की लोडवरची मोटर उलट जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. त्यावर वेगळा व्हिडिओ करू.

मशीन घ्यायला दुकानात जाल तेव्हा पाटीचा फोटो काढा आणि वॅटला २३० ने भागा. घरातली सगळी मोठी उपकरणं मिळून बिलावरच्या मंजूर भारात बसतात का तेही बघा. बोर्ड उघडून मोजायचं काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

ताई आता सकाळी सातला ओव्हन लावतात. संध्याकाळी फक्त आयसिंग आणि पॅकिंग. नव्या ओव्हनसाठी काढलेल्या पैशातून त्यांनी फ्रीज घेतला, आणि घेण्याआधी त्याची पाटी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती.