पहिली पिढी, पहिली पदवी (लेखांक ५) : शिष्यवृत्ती मिळाल्यानंतर

मागच्या लेखांकात आपण शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत आलो होतो. कोणते दाखले लागतात, मामलतदार कचेरीत आणि जनसेवा केंद्रात काय विचारतात, मुदत कुठे हुकते, हे पाहिले. आता समजा, अर्ज मंजूर झाला. छोटाउदेपूरकडच्या एखाद्या गावातल्या मुलीचे नाव मेरिट लिस्टमध्ये लागले, फीची सोय झाली आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रवेश पक्का झाला. तिच्या घरातले कोणीही याआधी कॉलेजात गेलेले नाही. आता तिला आणखी काय लागेल? बहुतेक घरी आणि बऱ्याच कॉलेजांतही एकच उत्तर मिळते: आता तिने मन लावून अभ्यास करावा.

हे उत्तर अपुरे आहे. फी भरली गेली म्हणजे विद्यार्थी शिकेलच असे धरून चालणाऱ्या व्यवस्थेत पहिल्या पिढीची मुले मध्येच गळतात, आणि गळाल्यावर दोषही त्यांनाच दिला जातो. पदवीपर्यंत पोहोचायला पैसा, निवारा, भाषेची तयारी आणि वाट दाखवणारा माणूस असे चार आधार लागतात. हे चारही आधार बडोद्याने वेगवेगळ्या काळात दिले आहेत. त्यांतला एक निसटला की काय होते, तेही याच शहराने पाहिले आहे.

साडेअकरा पौंड आणि अकरा दिवस

१९०७ मध्ये भीमराव आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. पुढचे शिक्षण घरच्या परिस्थितीत कठीण होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी या हुशार मुलाला हेरले होते. त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि बडोदा संस्थानाची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ मध्ये आंबेडकर बी.ए. झाले.

पुढच्याच वर्षी संस्थानाने त्यांना अमेरिकेला पाठवले. जून १९१३ मध्ये करार झाला: तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा राज्याची नोकरी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते १९१५ मध्ये एम.ए. झाले. नंतर पीएच.डी.चा प्रबंध लिहून ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनचे शिक्षण अर्धवट ठेवून १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले, आणि कराराप्रमाणे ते बडोद्याला रुजू झाले.

बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना. हिंदू खाणावळीत प्रवेश नव्हता. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा विचारला. दोघांनाही तो देता आला नाही. रात्रीच्या मुंबईच्या गाडीला अवकाश होता. ते तास त्यांनी कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत काढले. हा सारा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. जिथे ते बसले होते त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात.

या प्रसंगाकडे आपण अस्पृश्यतेच्या इतिहासातले एक पान म्हणून पाहतो, आणि ते तसे आहेच. पण विद्यार्थी साहाय्याचा विचार करणाऱ्याने तो आणखी एका बाजूने वाचायला हवा. राज्याने वर्षानुवर्षे पैसा दिला होता. महाराजांची इच्छा स्वच्छ होती. तरीही माणूस स्टेशनवर उतरल्यावर त्याला घ्यायला कोण जाईल, तो रात्री कुठे झोपेल, कचेरीत त्याच्याशी कसे वागतील, हे पाहणे कोणाकडेही सोपवलेले नव्हते. बडोद्याने त्यांच्यावर खर्च केला, आणि तेच बडोदे त्यांना मुक्कामाला जागा देऊ शकले नाही. पुढे मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन, आंबेडकर १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले.

याच कथेत दुसरा धडा केळुसकर गुरुजींचा आहे. शिष्यवृत्ती संस्थानाकडे होतीच. ती असते, ती मागता येते आणि ती कोणाच्या हातात आहे, हे आंबेडकरांच्या घरी कसे कळणार? ते ठाऊक असलेला एक माणूस मध्ये उभा राहिला म्हणून पुढचे सारे घडले.

खेड्यातला मुलगा आणि बडोद्याची गादी

शिकणाऱ्याला आधार लागतो हे सयाजीरावांना एवढे उमजले, त्याला कारण होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला हा मुलगा १८७५ मध्ये बारा वर्षांचा असताना दत्तक म्हणून बडोद्याला आला, तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. त्याच्यासाठी एलियट नावाचा इंग्रज शिक्षक नेमला गेला. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदम सुरू झाल्या. १८८१ मध्ये तो राज्यकारभार हाती घेण्याइतका तयार झाला. बुद्धी त्याची होतीच, पण तिच्या जोडीला चांगला शिक्षक, निवांत वेळ, पोटाची ददात नसणे आणि चुका सुधारून घ्यायची मुभा मिळाली.

पुढे त्यांनी राज्यभर हीच सोय करण्याचा प्रयत्न केला. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला. १९०६ मध्ये तो सगळ्या राज्याला लागू झाला. १९०८ मध्ये आर्यसमाजी पंडित आत्माराम यांना बोलावून अस्पृश्य मुलांच्या शाळा आणि वसतिगृहांचे काम सोपवले. १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन सुरू झाले. रंगकाम, यंत्रविद्या, रसायन हे विषय कारागिरांच्या मुलांना त्यांच्याच भाषेत शिकता यावेत, असा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनचे विद्यार्थी. १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल बोर्डेन यांना आणून ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले, त्यात गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकपेट्याही होत्या.

शिष्यवृत्ती, वसतिगृह, मातृभाषेतले तंत्रशिक्षण, पुस्तके: बडोद्याच्या हाती सगळे होते. पण ती वेगवेगळी खाती होती. एकाच विद्यार्थ्यापाशी ती सारी एका वेळी पोहोचतील अशी योजना नव्हती. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. हा वारसा एका छताखाली आणणारी संस्था तेव्हापासून बडोद्यात आहे.

न्यूयॉर्कने काय करून पाहिले

पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम चालवायची रीत अमेरिकेत १९६४ पासून आहे. गरिबीविरुद्धच्या सरकारी मोहिमेतून त्या वर्षी ‘अपवर्ड बाउंड’ सुरू झाला. १९६५ आणि १९६८ मध्ये आणखी दोन कार्यक्रम आले आणि तिन्हींना मिळून ‘ट्रायो’ म्हणू लागले. ज्याच्या आई-वडिलांपैकी कोणाकडेही पदवी नाही तो पहिल्या पिढीचा विद्यार्थी, ही व्याख्या तिथे कायद्यात आहे. अशा मुलांना शिकवणी, विषय निवडायला सल्ला आणि आर्थिक मदतीचे अर्ज भरायला हात, हे सारे कॉलेजातच मिळते.

सगळ्यांत बोलका प्रयोग न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचा. तिथल्या दोन वर्षांच्या कॉलेजांत गरीब घरांतली मुले मोठ्या संख्येने येत आणि मोठ्या संख्येने गळत. २००७ मध्ये ‘असॅप’ हा कार्यक्रम सुरू झाला. फीतली उरलेली तूट विद्यापीठ भरते. पाठ्यपुस्तके मिळतात. बस आणि भुयारी रेल्वेचा पास मिळतो. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचे आणि ठरलेल्या सल्लागाराला नियमित भेटायचे, ही अट. एरवी तिथे एका सल्लागाराकडे सहाशेच्या वर विद्यार्थी असत. असॅपमध्ये ६० ते ८०.

या कार्यक्रमाची तपासणी औषधाच्या चाचणीसारखी झाली. सुमारे ९०० विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला असॅप, दुसऱ्याला नेहमीच्या सोयी. तीन वर्षांनी नेहमीच्या गटातले २२ टक्के पदवीधर झाले होते, असॅपमधले ४० टक्के. दर विद्यार्थ्यामागे खर्च वाढला, पण पदवीधर इतके वाढले की दर पदवीमागचा खर्च कमी झाला. ओहायो राज्यातल्या कॉलेजांनी हीच पद्धत उचलली, तेव्हा तिथेही पदवीधरांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले.

या आकड्यांमागची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दोन्ही गटांतली मुले सारखीच होती. घरची परिस्थिती, आधीचे शिक्षण, बुद्धी, काहीच वेगळे नव्हते. तरी निकाल जवळजवळ दुप्पट झाला. म्हणजे गळणारी मुले कमी पडत नव्हती, त्यांच्याभोवतीची व्यवस्था कमी पडत होती.

आज बडोद्यात काय मिळते

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. फ्रीशिप कार्ड असलेल्याला प्रवेशाच्या वेळी फी भरावी लागू नये, अशी तरतूद आहे. गुजरात सरकारची ‘मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना’ २०१५ पासून आहे. तिची उत्पन्नमर्यादा सहा लाख, आणि बारावीला ८० पर्सेंटाइल लागतात. तिच्यातून फीचा निम्मा भाग ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो. घरापासून दूर राहणाऱ्या पात्र विद्यार्थ्याला वर्षातले दहा महिने दरमहा १,२०० रुपये निवास-भोजनासाठी मिळतात. शहरात समरस छात्रालय आहे, तिथे राहणे-जेवण मोफत असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनी प्रत्येक संस्थेला समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले.

यादी लहान नाही. पण ती आपल्या छोटाउदेपूरच्या मुलीच्या बाजूने वाचा. शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जमा होतात, मात्र अनेकदा सत्र बरेच पुढे गेल्यावर. मेस, पुस्तके, बसभाडे यांचा खर्च पहिल्या दिवसापासून असतो. वसतिगृह एका खात्याकडे, शिष्यवृत्ती दुसऱ्याकडे, फी तिसऱ्या टेबलावर. घरी ती राठवी बोलते, शाळा गुजरातीत झाली आणि विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी. पहिल्या सत्रात प्राध्यापकांचे निम्मे बोलणे डोक्यावरून जाते. एखादा विषय राहून एटीकेटी लागली तर पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती चालू राहील का, हा प्रश्न विचारायला ती कोणाकडे जाणार? शेजारी बसणाऱ्या मुलीची आई याच विद्यापीठात शिकलेली असते. तिला ही उत्तरे जेवताना घरीच मिळतात. दोघींमधला खरा फरक हा आहे.

भाषेच्या बाबतीत बडोद्याजवळच एक उदाहरण आहे. याच विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे गणेश देवी यांनी १९९६ मध्ये ‘भाषा’ ही संस्था सुरू केली आणि छोटाउदेपूरजवळ तेजगढला आदिवासी अकादमी उभारली. मुलाची बोली ही उणीव समजू नये, तिच्यावर पाय ठेवून पुढच्या भाषा शिकवाव्यात, हे त्या कामामागचे सूत्र. विद्यापीठाच्या पहिल्या सत्राला ते आजही लागू पडते.

काय करता येईल

महाराष्ट्राने यातला निवाऱ्याचा आधार लवकर ओळखला. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. भाऊराव पाटलांनी साताऱ्याला सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली आणि ‘कमवा आणि शिका’ रुजवले. पुण्याची विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण मुलांना राहण्या-जेवण्याबरोबर कामाची सवय आणि वडीलधाऱ्यांची सोबत देते. या सगळ्यांत धागा एक: पैसा देऊन ते थांबले नाहीत, मुलाचा पूर्ण दिवस त्यांनी आपला मानला.

बडोद्यात यासाठी नवीन कायदा लागत नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर एक रकाना वाढवावा: आई-वडिलांपैकी कोणी पदवीधर आहे का? उत्तर नाही असेल तर पहिल्याच आठवड्यात त्या विद्यार्थ्याला एक ठरावीक प्राध्यापक आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातला एक विद्यार्थी नेमून द्यावा. शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि फी यांची माहिती प्रत्येक फॅकल्टीत एकाच खिडकीवर मिळावी. शिष्यवृत्ती येईपर्यंत मेस आणि पुस्तकांसाठी छोटा फिरता निधी असावा. रक्कम खात्यात आली की विद्यार्थ्याने तो परत भरावा. पहिल्या सत्रात इंग्रजीचा जोडवर्ग असावा, आणि तो शिकवणाऱ्याला गुजराती यावी.

निधी आणि माणसे ही माजी विद्यार्थ्यांच्या आवाक्यातली गोष्ट आहे. पिढ्यानपिढ्या या विद्यापीठात शिकलेली मराठी घरे दांडियाबाजार-राजमहाल रोड परिसरापासून अमेरिकेपर्यंत पसरली आहेत. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरातला पहिला पदवीधर बडोद्याच्या खर्चावर किंवा सवलतीवर शिकला. त्यांनी महिन्यातले दोन तास एका नव्या मुलाला दिले, अर्ज समजावला, पहिली अंतर्गत परीक्षा होईपर्यंत फोनवर विचारपूस केली, तर केळुसकर गुरुजींनी केले तेच काम होईल. त्याला श्रीमंती लागत नाही. वाट माहीत असणे पुरते.

पालकांनीही एवढे लक्षात ठेवावे: पहिल्या सत्रात गुण घसरले म्हणजे मूल नालायक ठरत नाही. त्याला घरी बोलावण्याआधी कॉलेजात जाऊन सल्लागार कोण आहे, हे विचारा. नसेल तर का नाही, हेही विचारा. विद्यापीठ सार्वजनिक पैशावर चालते, आणि हा प्रश्न विचारण्याचा हक्क न शिकलेल्या बापालाही तेवढाच आहे.

(पुढील लेखांकात : पदवीचे शेवटचे वर्ष. कॅम्पस मुलाखती, इंटर्नशिप आणि ओळखीपाळखी नसलेल्या घरातून पहिली नोकरी कशी शोधावी.)