कुडलच्या तुळईवरची मराठी

सोलापुरातून दक्षिणेला चाळीसेक किलोमीटर गेले की हत्तरसंग कुडल लागते. काळी जमीन, हंगामात उभी ज्वारी, नदीकडेला ऊस. सीना इथे भीमेला मिळते आणि भीमेपलीकडे कर्नाटक सुरू होते. अनेकांची गल्लत होते म्हणून सांगतो: बसवेश्वरांचा कुडलसंगम हा नव्हे, तो बागलकोट जिल्ह्यात, कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर.

इथल्या हरिहरेश्वर मंदिरात शिव आणि विष्णू यांचे दोन गाभारे आहेत, पुढे स्वर्गमंडप. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही वास्तू मातीच्या ढिगाखाली होती. त्या मातीतून बहुमुखी शिवलिंग निघाले. त्यावर 359 मुखे कोरलेली आहेत आणि लिंग स्वतः 360वे मानतात. बहुतेक पाहुणे ते पाहून, फोटो काढून परततात.

माझ्या मते गावाचे खरे धन शेजारच्या संगमेश्वर मंदिरात आहे. मंडपात मान वर करून तुळई पाहावी. तिच्यावर शके 940, म्हणजे इसवी सन 1018चा लेख आहे. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. तेव्हा राज्य कल्याणीच्या चालुक्यांचे, दरबारी भाषा कन्नड. तरी कोरणाऱ्याने शेवटची ओळ मराठीत घातली: जो हे वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाची. दानलेखांच्या शेवटी बहुधा दान मोडणाऱ्याला शाप असतो. इथे वाचणाऱ्याला आशीर्वाद आहे. ही ओळ कोरली गेली त्यानंतर 272 वर्षांनी ज्ञानेश्वरी झाली. पहिला मराठी शिलालेख कोणता, यावर अभ्यासकांत वाद आहे. अलिबागजवळच्या आक्षीचा लेख शके 934चा मानला जातो. पण कुडलचे मोल त्या क्रमांकावर ठरत नाही. राजाश्रय नसलेली मराठी सीमेवरच्या एका गावात दगडावर लिहिली जात होती आणि वाचणारे कुणीतरी भेटेल याची लिहिणाऱ्याला खात्री होती, हे मला फार मोठे वाटते.

2024च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दर 27 फेब्रुवारीला शाळाशाळांतून मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो. सोलापूरच्या शिक्षकांना विनंती आहे: यंदा मुलांना कुडलला न्या. विजेरी तिरपी धरा, म्हणजे अक्षरांच्या खाचा उठून दिसतील. अक्षरांवर खडू, कुंकू, तेल काही लावू देऊ नका. आणि ती ओळ मुलांकडूनच वाचून घ्या.